प्रकरण अभ्यास: शिक्षकांच्या भू-खगोल कार्यशाळेचे दोन दिवस आणि मधला एक महिना

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, कमी पावसाचा एक तालुका. तालुक्याचं, शाळांचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत सहावी ते आठवीला विज्ञान आणि भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी पृथ्वी आणि अवकाश या विषयांवर हाताने करून पाहण्याची कार्यशाळा घ्यावी, अशी विचारणा गट साधन केंद्राकडून, म्हणजे तालुक्यातल्या शिक्षकांची प्रशिक्षणं पाहणाऱ्या सरकारी केंद्राकडून, आमच्या गटाला झाली. आमचा गट विज्ञान शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवकांचा. माझ्याकडे नियोजन आणि नोंदी ठेवण्याचं काम होतं.

याच विषयांवर आदल्या वर्षी एक प्रशिक्षण झालं होतं. सभागृह, पडदा, दिवसभर स्लाइड आणि शेवटी प्रत्येक शाळेला एक साहित्यपेटी. पेटीत पृथ्वीगोल, दिव्याचा स्टँड आणि खडकांचे नमुने. नियोजनाआधी आम्ही काही शाळांत जाऊन आलो, तेव्हा बहुतेक पेट्या कपाटात होत्या आणि काहींची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. हा शिक्षकांचा आळस नव्हता. दोन शिक्षकांवर सात इयत्ता चालवणाऱ्या शाळेत जे साहित्य हातात घेतल्याबरोबर धड्याला जोडता येतं, तेच वापरलं जातं. खडकांच्या डब्यात संगमरवर, ग्रॅनाइट, वालुकाश्म, पाटीचा दगड असे नमुने होते. एक गुरुजी म्हणाले, “यातला संगमरवर आमच्या गावात फक्त देवळात सापडेल. पोरांना बाहेर नेऊन दाखवू काय?”

प्रश्न रास्त होता. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग बेसॉल्टने, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वर आला, पसरला आणि थंड झाला. त्याचेच हे थरावर थर. या तालुक्यातल्या मुलाच्या पायाखाली हाच खडक आहे, आणि पेटीत नेमका तोच नव्हता.

अडचण नेमकी कुठे होती

शाळाभेटींत आम्ही शिक्षकांना मोजकेच प्रश्न विचारले. चंद्राच्या कला का दिसतात? थंडी का पडते? विहीर खणताना कोणते थर लागतात? पहिल्याला सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर होतं, चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून. दुसऱ्याला, हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून. आसाचा कल साडेतेवीस अंश आहे हे मात्र जवळजवळ सगळ्यांना पाठ होतं. कल ठाऊक असूनही कारण म्हणून अंतरच सांगितलं जात होतं, कारण शेकोटीपासून लांब गेलं की गार वाटतं हा अनुभव रोजचा आहे आणि कलाचा अनुभव कुणी कधी घेतलेलाच नाही.

तिसऱ्या प्रश्नाला मात्र धडाधड उत्तरं आली. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (पांढऱ्या ठिपक्यांचा दगड), खाली काळा पाषाण, मध्ये कुठे तरी तांबडा पट्टा. बरेच शिक्षक शेतकरी घरांतले. विहिरीचा खर्च त्यांनी सोसलेला होता. हे ज्ञान ते वर्गात कधी वापरत नव्हते, कारण पुस्तकातला अग्निजन्य खडक आणि बांधावरचा मांजऱ्या ही त्यांच्या लेखी दोन वेगळी जगं होती.

इथेच कार्यशाळेचा गाभा ठरला. खगोलात निरीक्षण नव्हतं, ते आधी घडवायचं होतं. भूशास्त्रात निरीक्षण भरपूर होतं, त्याला धड्याशी जोडायचं होतं.

समोर असलेले पर्याय

गट साधन केंद्राला सलग दोन दिवस हवे होते. एकदाच आदेश निघतो, शिक्षक एकदाच कार्यमुक्त होतात, तालुक्यातले सगळे शिक्षक एका फेरीत येतात. प्रशासनाच्या बाजूने पाहिलं तर हे बरोबरच आहे. पण सलग दोन दिवसांत चंद्र दोनदाच दिसतो आणि काठीची सावली जेमतेम हलते. ज्या गोष्टी काळ गेल्याशिवाय कळत नाहीत, त्या दोन दिवसांत फक्त सांगता येतात.

एक दिवस कार्यशाळा आणि पुढे व्हॉट्सॲपवर व्हिडिओ, असाही पर्याय होता. स्वस्त आणि सोपा. पण शिक्षकांच्या फोनमध्ये आधीच इतके गट आणि इतके दुवे येऊन पडतात की त्यात आणखी एकाची भर घालण्यात अर्थ वाटला नाही.

तिसरा पर्याय महागडा होता: दोन दिवस, पण मध्ये एका महिन्याचं अंतर, आणि त्या महिन्यात प्रत्येकाने स्वतः चंद्र आणि सावली नोंदवायची. दुसऱ्या दिवसासाठी वेगळा आदेश निघेल याची खात्री नव्हती. तेव्हा केंद्रप्रमुखांपैकी एका मॅडमनी वाट काढली. केंद्राची, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षकांची शिक्षण परिषद दर महिन्याला होतेच, फेब्रुवारीची परिषद कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवसाच्या तारखेलाच ठेवायची. किंमत अशी की सगळा तालुका बसणार नाही, तीनच केंद्रं घेता येतील. संख्या की खोली, हा सरळ सौदा होता. आम्ही खोली निवडली आणि आजही तो निर्णय मला योग्य वाटतो. चाळीसच्या आसपास शिक्षक आले.

आणखी एका मुद्द्यावर बरीच चर्चा झाली. वरून सूचना होती की संध्याकाळी दुर्बिणीतून आकाशदर्शन ठेवा, लोकांना आवडतं. आवडतं हे खरंच. पण निम्म्याहून अधिक शिक्षक तालुक्याच्या गावाहून किंवा त्याही पलीकडून रोज ये-जा करणारे, आणि शिक्षिकांना साडेपाचची एसटी गाठायची. रात्रीचा कार्यक्रम ठेवला असता तर ज्यांना घरी परतायचं आहे त्यांचाच वाटा कमी झाला असता. शिवाय शाळाही दिवसाच भरते. शिक्षकाला मुलांबरोबर जे करता येईल ते दिवसाउजेडीच. म्हणून दुर्बीण बाजूला ठेवली आणि दिवसा दिसणारा चंद्र घेतला. तारीख पंचांग पाहून ठरवली: जानेवारीचा पहिला आठवडा, पौष शुक्ल अष्टमी. अष्टमीचा चंद्र दुपारच्या सुमारास उगवतो आणि चारच्या सुमाराला पूर्वेकडे चांगला वर आलेला असतो. साडेएकोणतीस दिवसांनी, माघ शुक्ल अष्टमीच्या सुमारास, तोच चंद्र पुन्हा तिथेच मिळणार होता.

पहिला दिवस

सकाळी मैदानावर एक मीटर लांबीच्या काठ्या ओळंब्याने सरळ रोवल्या. पावणेबारापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची आणि लांबी मोजायची, एवढंच सांगितलं. बारा वाजता सावली सर्वांत आखूड होणार, असं सगळ्यांनी आधी लिहून दिलं होतं. बाराला ती ८७ सेंटिमीटर भरली. सव्वाबाराला आणखी कमी. सर्वांत आखूड, ८४ सेंटिमीटर, ती १२ वाजून ३८ मिनिटांच्या आसपास झाली आणि मग पुन्हा वाढू लागली.

काठी वाकडी आहे का, घड्याळ चुकलंय का, सगळं तपासून झालं. साधकाने, म्हणजे कार्यशाळा घेणाऱ्याने, लगेच उत्तर द्यायचं नाही हे आमचं ठरलेलं होतं, आणि गप्प राहणं त्या अर्ध्या तासात सोपं नव्हतं. शेवटी एका सरांनी नकाशा मागवला. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आपण साधारण ७४.५ वर. आठ अंश, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे ३२ मिनिटं. प्रमाणवेळेचं हे गणित सगळेच शिकवतात. ते आपल्या मैदानावर उतरतं हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. उरलेली सहा मिनिटं पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि कलामुळे पडतात. तेवढं आम्ही सांगितलं.

जेवणानंतर ऋतू. जानेवारीचा पहिला आठवडा घेण्यामागे हेही कारण होतं, कारण याच दिवसांत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. हात वर करून मत घेतलं, तर “आत्ता आपण लांब आहोत” याला मोठं बहुमत. मग फळ्यावर दोनच आकडे लिहिले: जानेवारीत सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, जुलैत सुमारे १५ कोटी २१ लाख. ज्यांनी सकाळी स्वेटर घालून एसटी पकडली होती ते सगळे त्या आकड्यांकडे पाहत राहिले.

यावर एका मॅडमनी जो प्रश्न विचारला, तो माझ्या मते त्या दिवसातला सर्वांत मोलाचा. कल हेच कारण असेल तर २१ जूनला, दिवस सर्वांत मोठा असताना, सर्वांत जास्त उकाडा हवा. आपल्याकडे तर मे तापतो आणि जूनमध्ये गारवा येतो. असं का? हा प्रश्न पुस्तकात येत नाही, कारण उन्हाळ्याचा कळस जून-जुलैत दाखवणारी आकृती समशीतोष्ण प्रदेशाला शोभणारी आहे. आम्ही गटांना या अक्षांशावर सूर्य नेमका डोक्यावर कधी येतो ते काढायला दिलं. उत्तर वर्षातून दोनदा: मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. सूर्य दोन्ही वेळी सारखाच डोक्यावर, तरी मे भाजून काढतो आणि ऑगस्ट नाही. फरक ढगांचा, पावसाचा आणि ओल्या जमिनीचा, हे मग गटांनीच मांडलं. कल सूर्याला उत्तर-दक्षिण फिरवतो. त्यातून आपले तीन ऋतू घडवतो तो मोसमी पाऊस.

चार वाजता सगळे पुन्हा मैदानात. पश्चिमेला सूर्य, पूर्वेकडे अर्धा चंद्र, आणि प्रत्येकाच्या हातात काडीला टोचलेला पांढरा चेंडू. चेंडू चंद्राच्या दिशेने, चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरायचा. चेंडूचा नेमका तेवढाच आणि त्याच बाजूचा भाग उजळलेला दिसतो, कारण दोघांवर ऊन पडतंय ते एकाच सूर्याचं. मग प्रश्न टाकला: पृथ्वीची सावली आत्ता कुठे पडली असेल? सूर्य पश्चिमेला, म्हणजे सावली त्याच्या बरोबर उलट दिशेला. चंद्र तर त्या रेषेपासून काटकोनात उभा. “मग सावली चंद्रावर पोचणारच कशी?” हे वाक्य साधकाला बोलावं लागलं नाही.

इथे एक निर्णय ऐनवेळी झाला. दिवा आणि गोलाची प्रतिकृती सभागृहात मांडून ठेवली होती आणि मूळ वेळापत्रकात ती मैदानाच्या आधी होती. सकाळची सावली पाहिल्यावर आम्ही क्रम उलटा केला. प्रतिकृती आधी दाखवली की माणूस आकाशात प्रतिकृतीच शोधतो आणि न जुळलेलं डोळ्याआड करतो. आधी चंद्र, मग चेंडू, दिवा सर्वांत शेवटी, हा क्रम आता आमच्याकडे कायमचा झाला आहे.

मधला महिना

नोंदवहीत चारच रकाने ठेवले होते: तारीख आणि वेळ, चंद्राचं चित्र, क्षितिजापासून किती मुठी वर, आणि खाली काय दिसतं. हात सरळ लांबवून धरलेली मूठ साधारण १० अंश व्यापते. चंद्र रोज पूर्वेकडे १२ ते १३ अंश सरकतो, म्हणजे एका मुठीहून थोडं जास्त. तिथीचा हिशोबही हाच: सूर्य-चंद्रातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की तिथी बदलते. कालनिर्णयात रोज पाहिला जाणारा आकडा स्वतःच्या मुठीने मोजता येतो, याचं अनेकांना मनापासून अप्रूप वाटलं.

संकष्टीने आमचं मोठंच काम केलं. चंद्रोदयाची वेळ पाहून उपास सोडणारी माणसं घरोघर आहेत. त्या महिन्यात चंद्र साडेनऊच्या सुमारास उगवला. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो, मग चार दिवसांनी कधी, हे गणित काही शिक्षकांनी संकष्टीच्या दिवशीच वर्गात घेतलं. पुढच्या आठवड्यात शनिवारच्या सकाळच्या शाळेत परिपाठाच्या वेळी पश्चिमेला चंद्र दिसला, तो मुलांनीच दाखवला.

संक्रांतीला एक फोन आला. दिवस तिळातिळाने मोठा होतो म्हणतात, मग सकाळची एसटी अजून अंधारातच का निघते? निरीक्षण अचूक होतं. दिवस २२ डिसेंबरनंतर मोठा होऊ लागलेला असतो, पण या अक्षांशावर ती वाढ आधी संध्याकाळच्या टोकाला मिळते. सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत राहतो. कारण तेच, ज्याने मध्यान्ह १२ वाजून ३२ ऐवजी ३८ मिनिटांवर नेली होती.

सगळ्या वह्या अशा भरल्या नाहीत. जानेवारीत स्नेहसंमेलनं, क्रीडास्पर्धा, शिष्यवृत्तीचे जादा तास. काही वह्या आठवड्याभरात थांबल्या आणि काही पंचांगावरून उतरवलेल्या होत्या. उतरवलेल्या ओळखू येत, कारण पंचांगात मुठी नसतात आणि चंद्राखाली चिंच होती की पाण्याची टाकी हेही नसतं. त्यांचं काय करायचं यावर आमच्यात मतभेद होते. शेवटी त्या वह्या बाजूला न काढता गटात मिसळल्या. गटात एकाच तारखेच्या दोन नोंदी जुळेनात तेव्हा चर्चा आपोआप सुरू झाली, आणि कुणालाही उभं करून विचारावं लागलं नाही.

दुसरा दिवस

फेब्रुवारीत काठीची सावली ६६ सेंटिमीटर भरली. महिन्यात १८ सेंटिमीटर गेले. कल म्हणजे काय, हे यापुढे वेगळं समजवावं लागलं नाही.

मग विहीर. लोणारला सहल काढावी असा प्रस्ताव होता. बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर पाहण्यासारखं आहेच, पण प्रवासात दिवस गेला असता आणि शिक्षकाला ते पुन्हा मुलांबरोबर करता आलं नसतं. जवळच्या शिवारात विहिरीचं काम चालू होतं. तिथले जुने खोदकाम करणारे कारागीर, ज्यांना सगळे तात्या म्हणत होते, त्यांनाच मार्गदर्शक म्हणून बोलावलं आणि इतर साधकांइतकंच मानधन दिलं. हे मानधन मंजूर करून घेताना बराच पत्रव्यवहार झाला. तो करण्यासारखाच होता.

तात्यांनी काठाच्या सुरक्षित बाजूने एकेक थर दाखवला. काळी माती, त्यात चुनखडीचे खडे, खाली मुरूम. मांजऱ्या कुदळीला कसा लागतो, पाणी कुठे पाझरतं, काळ्या पाषाणाला सुरुंगाशिवाय का जमत नाही. आमच्यातल्या भूशास्त्राच्या अभ्यासकाने त्याला पुढची बाजू जोडली. लाव्हाच्या प्रवाहाच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात, तिथे पोकळ्या राहतात. पुढे त्यांतून झिरपलेल्या गरम पाण्यातली खनिजं साचून पांढरे झिओलाइट आणि गारगोट्या तयार होतात. तो मांजऱ्या. मधला तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधल्या काळात उघड्यावर झिजलेला पृष्ठभाग, पुढच्या लाव्हाखाली दबलेला. “म्हणजे पट्ट्याखालचा दगड आधीचा आणि वरचा नंतरचा,” तात्या म्हणाले, आणि हा तर थरांच्या क्रमाचा पहिला नियम.

मुलांना विहिरीवर न्यायचं का, यावर मुख्याध्यापकांचा स्पष्ट नकार होता आणि तो योग्यच होता. मग उपशाचा ढीग वापरायचं ठरलं. विहिरीतून निघालेला माल काठावर पडतो तेव्हा क्रम उलटा होतो: सर्वांत खोल दगड ढिगाच्या वर, वरची माती ढिगाच्या तळाशी. ढिगाचे नमुने घेऊन विहिरीचं चित्र पुन्हा रचायचं. ही कृती आम्ही कुठून आणली नव्हती, ती तिथेच उभी राहिली, आणि संपूर्ण कार्यशाळेत मला तीच सर्वांत आवडली. नमुन्यांवर पाणी ओतून कोणता किती शोषतो ते पाहिलं, चुनखडीच्या भुकटीवर लिंबू पिळलं तर फसफसली, गारगोटी तशीच राहिली. पाणलोटाच्या कामात श्रमदान केलेल्या शिक्षकांनी लगेच विचारलं की आपला पाझर तलाव कोणत्या थरावर बसलाय.

साहित्यपेटीतला खडकांचा डबा इथे उघडला. संगमरवर आणि वालुकाश्म आता परके म्हणून कामाला आले: हे आपल्या ढिगात का सापडत नाहीत?

निष्पत्ती

पुढच्या सत्रात केलेल्या शाळाभेटींत काही अंगणांत पक्की काठी आणि फरशीवर तैलरंगाच्या खुणा दिसल्या. ढिगाचे नमुने बऱ्याच शाळांत होते, कारण ते फुकट आणि जवळ होते. चंद्राची वही फार थोड्यांनी मुलांकडून पूर्ण करून घेतली. सावलीमुळे कला होतात हे उत्तर या शिक्षकांकडून पुन्हा आलं नाही. थंडीचं कारण विचारल्यावर मात्र काही जण बोलण्याच्या ओघात पुन्हा अंतराकडे वळले आणि मग स्वतःच थांबून दुरुस्त झाले. तीनपैकी एका केंद्राने दर शिक्षण परिषदेत एक कृती असा पायंडा पाडला, एका केंद्रात काहीच पुढे गेलं नाही. फरक केंद्रप्रमुखांच्या रसाचा होता, साहित्याचा नव्हता.

काय वेगळं करता येईल

मुख्याध्यापकांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यायला हवं. अंगणात काठी रोवायला आणि तास मैदानावर घ्यायला परवानगी तेच देतात.

महिनाही पुन्हा तपासावा लागेल. जानेवारीत आकाश निरभ्र असतं आणि पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, पण शिक्षकाच्या हाती वेळ सर्वांत कमी. २३ सप्टेंबरच्या आसपास, दिवस-रात्र समान असताना सुरुवात केली तर एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली सुमारे ३२ सेंटिमीटर भरते आणि डिसेंबरअखेर ८७ पर्यंत जाते; हा फरक कितीतरी ठळक. मात्र सप्टेंबरात ढग आडवे येऊ शकतात, आणि दिवाळीच्या सुट्टीने नोंदी तुटतात. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते तो, कार्यशाळेला चांगला वाटतो, पण पहिला मेच्या सुट्टीत येतो आणि दुसरा पावसाळ्यात, त्यामुळे त्यावर बेत रचता येत नाही.

पृथ्वी-चंद्र अंतराची कृती दुसऱ्या दिवशी घाईत झाली, तिला पहिल्या दिवशी जागा द्यावी. १५ सेंटिमीटरच्या चेंडूला पृथ्वी मानलं तर चंद्र लिंबाएवढा, आणि तो साडेचार मीटर लांब ठेवावा लागतो. पुस्तकातल्या आकृतीत दोघे एकमेकांना चिकटून काढलेले असतात, आणि सावलीचा गैरसमज बराचसा तिथूनच येतो.

उरलेल्या केंद्रांसाठी पुन्हा सलग दोन दिवसांचा प्रस्ताव आला आहे. आम्ही महिन्याच्या अंतराची अट कायम ठेवून उत्तर पाठवलं आहे, आणि शिक्षण परिषदेच्या तारखा पंचांगातल्या अष्टम्यांशी जुळवून सोबत जोडल्या आहेत.